पोटच्या पोरीला दिलेला आऊट

माझा स्वभाव संशयी आहे. मीच आधी सांगून टाकते, नाहीतर आमच्या घरातलं कोणीतरी सांगेलच. दूध जरा घट्ट आलं तरी मला शंका येते, आणि नवऱ्यानं न सांगता मेथी निवडायला घेतली तर त्याहून जास्त येते. बँकेत काउंटरमागं बसून लोकांच्या सह्या ताडून बघण्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय. सही खरी असली तरी मी दुसऱ्यांदा बघते. तर अशा बाईच्या पदरात देवानं पंच टाकला. पंच म्हणजे ज्यानं एकदाच बघायचं आणि लगेच सांगून मोकळं व्हायचं.

आमचे हे शाळेत पीटीचे सर. मूळचे केम गावाकडचे. एरवी बोलणं शाळेतल्यासारखं स्वच्छ, पण पोटातलं काही बाहेर यायचं झालं की गावचं बोलणं येतं. त्यावरून मी ओळखते की आता खरं बोलतायत. शाळा सांभाळून हे बेसबॉलच्या मॅचना पंच म्हणून उभे राहतात. सोलापुरात बेसबॉल म्हटलं की समोरचा विचारतो, क्रिकेटसारखंच की ते? मग हे ताटातल्या वाट्या बाहेर काढून चार बेस मांडतात. इथं उभं राहून मारायचं, असं पळत सुटायचं, सगळ्या बेसना फिरून परत इथं होम प्लेटला पोचलं की रन. वाटेत चेंडू धरलेल्या हातानं कोणी तुम्हाला शिवलं की आऊट. त्या शिवण्याला टॅग म्हणतात. आमटीची वाटी नेहमी होम प्लेट व्हायची. किती पाहुण्यांना हा खेळ कळला देव जाणे, पण टेबलावर आमटी किती सांडली ते मला माहीत आहे.

नवशिके पंच घरी यायचे तेव्हाही ह्याच वाट्या. त्यांना हे एकच गोष्ट घोकून घ्यायला लावायचे. टॅग डोळ्यानं दिसला तर आऊट, दिसला नाही तर सेफ, अंदाजानं कुणाला आऊट द्यायचं नाही. आमच्या लेकीनं हे पाळण्यात असल्यापासून ऐकलंय. तीही पुढं बेसबॉलच खेळायला लागली, त्यात नवल काय. मैदानावर यांना पप्पा म्हणायचं नाही, सर म्हणायचं, असा यांचा नियम होता. मला तो कधीच आवडला नाही. बाप तो बाप, मैदानावर काय वेगळा होतो का?

त्या वर्षी लेक बारावीला होती आणि शाळेच्या टीमची कॅप्टन होती. बारावी संपली की शालेय स्पर्धा संपल्या. तिला महाराष्ट्राची जर्सी हवी होती, बाकी काही नाही. जिल्ह्याची फायनल जिंकली तर विभागाला जायचं आणि तिथून राज्याला, तिथंच महाराष्ट्राची टीम निवडतात. लहानपणापासून ती त्या जर्सीचं बोलत होती. फायनलच्या सकाळी तिनं पोहेसुद्धा नीट खाल्ले नाहीत. मी ओरडले तर म्हणाली, आई, आज जिंकले की दोन ताटं खाते.

फायनलला होम प्लेटमागं उभे राहणारे मुख्य पंच दुसऱ्या तालुक्यातून येणार होते. आलेच नाहीत. मतदार यादीच्या कामाला त्यांना ऐनवेळी पकडलं होतं. शिक्षकाला कोण कधी कुठल्या यादीला जुंपेल, सांगता येत नाही. आता राहिले फक्त बेसवरचे एक तरुण पंच आणि आमचे हे. हे त्या दिवशी नुसते बघायला आलेले. घरचं कोणी खेळत असेल तर पंचानं उभं राहायचं नाही, ही रीत आहे. पण जिल्ह्यात पंच मोजकेच, त्यामुळं दोन्ही टीमच्या कोचनी हो म्हटलं तर चालवून घेतात. यांनी आधी नकार दिला. तेव्हा समोरच्या टीमचा कोच स्वतः चालत आला आणि म्हणाला, सर, तुम्हीच उभे राहा की, तुमच्यावर आमचा शंभर टक्के विश्वास आहे.

माझ्या डोक्यात तिथंच घंटा वाजली. आपल्याविरुद्धच्या कॅप्टनचा बाप पंच असताना कुठला कोच इतक्या आनंदानं हो म्हणतो? मी असते तर म्हटलं असतं, मॅच उद्या घ्या. हा माणूस तर हसत होता. आमच्या कोचबाईंना नाही म्हणायला तोंडच राहिलं नाही. समोरचेच तयार आहेत म्हटल्यावर आपण कसं नाही म्हणायचं? यांनी गाडीच्या डिकीतनं टोपी काढली आणि मास्क चढवला. मी तिसऱ्या बेसच्या बाजूला, कडूलिंबाखाली बसले होते. तिथून होम प्लेट तळहातासारखी दिसत होती.

मॅच चुरशीची झाली. समोरच्या पोरी अक्कलकोट रोडकडच्या, बऱ्याचशा विणकरांच्या घरातल्या. आपसात तेलुगूत बोलायच्या, त्यामुळं आमच्या पोरींना त्यांचे डाव कळायचे नाहीत. होम प्लेटमागं बसून चेंडू धरणारी त्यांची कॅचर तर वाघीण होती. शेवटच्या इनिंगमध्ये दोन्ही टीमचे रन सारखे, बॅटिंग आमची आणि माझी लेक तिसऱ्या बेसवर. ती होम प्लेटला पोचली की आम्ही जिंकलो, इतकं सोपं. बॅटिंगवाल्या पोरीनं चेंडू जमिनीसरशी मारला आणि माझी लेक सुटली. चेंडू उचलून त्यांनी थेट कॅचरकडं फेकला. लेकीनं पाय पुढं टाकून घसरत प्लेट गाठली, कॅचरनं ग्लोव्ह खाली आणला, आणि मैदानाची सगळी लाल धूळ एकदम वर उठली.

मी बघितलं. माझ्या बाजूनं धूळ नंतर आली. ग्लोव्ह आणि लेकीच्या पोटरीत चांगलं वीतभर अंतर होतं, आणि तोवर तिची टाच प्लेटवर टेकून पुढं गेली होती. मी उठून उभी राहिले, टाळी वाजवायला हात वर केले. तेवढ्यात यांनी मूठ वर केली. आऊट.

आमच्या पोरी जागच्या जागी थिजल्या. अशा वेळी कॅप्टनला पंचांकडं जाता येतं. सर, दुसऱ्या पंचांना एकदा विचारता का, एवढं म्हणायचा हक्क तिला असतो. लेक उठली, पँटवरची धूळ झटकली आणि यांच्याकडं बघत राहिली. दोन पावलं पुढं आली, मग थांबली. गेलीच नाही. बाकीच्या पोरी तिला ढकलत होत्या, जा की, विचार की, म्हणत होत्या. ती मान हलवून परत गेली. मॅच जादा इनिंगमध्ये गेली, पण आमच्या पोरींचा धीर सुटला होता. एका रननं हरलो.

शेवटी दोन्ही टीम रांगेनं पंचांशी हात मिळवतात. लेकीनंही मिळवला. थँक यू सर, म्हणाली. यांनी तिच्याकडं न बघता हात मिळवला, ते मी लांबून बघितलं. आणि टाळ्या म्हणजे काय टाळ्या वाजल्या यांच्यासाठी. लोक येऊन खांद्यावर थाप मारत होते. पोटच्या पोरीला आऊट दिलं, असा पंच बघितला नाही, म्हणत होते. सगळ्यात जोरात थाप त्या कोचनं मारली.

तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. पंच चुकतात, हे मला मान्य आहे. चुकलेला निकाल गिळून पुढं खेळायचं हे यांनी शेकडो पोरांना शिकवलंय, त्यालाच खिलाडूवृत्ती म्हणतात म्हणे. पण हे चुकले होते, की यांनी चुकवलं होतं? एवढाच माझा प्रश्न होता. चुकले असतील तर मी गप्प बसणार होते. मुद्दाम केलं असेल तर मात्र माझ्या लेकीला तिच्या बापानंच फसवलं होतं.

आणि पुरावे घरभर पडले होते. हे कुठलीही मॅच करून आले की रात्रीच्या जेवणापर्यंत एकेक निकाल परत सांगतात, ऐकणाऱ्याचा जीव जाईपर्यंत. त्या दिवशी चकार शब्द नाही. पंचाचा ड्रेस यांनी स्वतः धुतला. लग्न झाल्यापासून यांनी स्वतःचा रुमाल धुतलेला मला आठवत नाही. कुणा पालकानं मोबाइलवर घेतलेला त्या क्षणाचा व्हिडिओ ग्रुपवर आला होता. मागच्या बाजूनं घेतलेला, नुसती धूळ आणि यांची पाठ. तो व्हिडिओ हे गॅलरीत कपडे वाळत घालायच्या निमित्तानं परत परत बघत होते. आवाज बंद करून. स्वतःच्या निकालाची खात्री असलेला माणूस धूळ कशाला बघत बसेल?

त्यात मला कळलं की राज्याच्या पंचांच्या यादीसाठी यांचं नाव पुढं गेलंय. हे मला यांनी नाही सांगितलं. बँकेत आलेल्या एका शिक्षिकेनं सांगितलं, अभिनंदन करायला म्हणून. मी हसून थँक्यू म्हटलं. म्हणजे लेकीची जर्सी गेली आणि बापाचं नाव झालं? मी स्वतःला रागावले, असं मनात आणू नये म्हटलं. पण आलं ते आलं. ग्रुपवर लोक यांचं कौतुक करत होते आणि हे प्रत्येकाला हात जोडलेलं चित्र पाठवत होते.

त्या कोचवर तर माझा दातच होता. त्यानं यांना बरोबर ओळखलं होतं, असं मला वाटायला लागलं. हा माणूस स्वतःच्या लेकीला फायदा देणार नाही, उलट फायदा देतोय असं कुणी म्हणू नये म्हणून तिच्याविरुद्धच निकाल देईल, हे त्यानं हेरलं असणार. म्हणून तो हसत होता. हे मी कुणाला सिद्ध करून दाखवू शकत नाही. पण मला आजही तसंच वाटतं.

लेकीकडं मी आडून आडून विषय काढला. तिनं आधी टाळलं, मग केस विंचरताना आरशातच बघत सांगितलं. हात मिळवायच्या रांगेत ती कॅचर तिच्या कानाशी येऊन म्हणाली होती, अक्का, लागला नव्हता. तिच्या कोचनं बजावलेलं असतं की पंच आऊट म्हणाले की आऊट, आपण तोंड उघडायचं नाही. तरी ती येऊन बोलली. म्हणजे लेकीला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि तीही माझ्यासारखीच घरात वावरत, बापाकडं चोरून बघत होती. मी विचारलं, मग तू तेव्हाच का नाही गेलीस पप्पांकडं? ती म्हणाली, गेले असते तर त्यांनी दुसऱ्यांदा आऊट दिलं असतं, ते मला बघायचं नव्हतं.

पीटीच्या शिक्षकांनी यांचा सत्कार करायचं ठरवलं. कल्पना कोणाची? त्या कोचचीच. निष्पक्ष पंच म्हणून शाल-श्रीफळ द्यायचं. सत्काराच्या रविवारी दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. कडक भाकरी, शेंगाचटणी, वांग्याची भाजी. हे मला शर्टाला इस्त्री करायला सांगत होते. लेकीनं भाकरी मोडता मोडता विचारलं, "पप्पा, टॅग दिसला होता का तुम्हाला?"

हे म्हणाले, जे दिसलं ते दिलं. शाळेतल्यासारखं, स्वच्छ.

"काय दिसलं?"

यांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. मी तोंड उघडणार होते, पण लेकीनं माझ्याकडं असं बघितलं की मी गप्प झाले.

"धूळ दिसली," हे म्हणाले. "टॅग न्हाय दिसला. धूळ दिसली आन् तू दिसलीस. दुसरी कुनाची पोर असती तर सेफ दिली असती."

गावचं बोलणं आलं होतं. म्हणजे खरं होतं. मी लगेच त्या यादीचं विचारलं, सोडते कशी. यांनी मान हलवली. यादी मनात न्हवती, म्हणाले. सगळी मैदानावरची तोंडं मनात होती. सेफ दिलं तर ती तोंडं काय म्हणतील, एवढंच डोक्यात आलं आणि हात आपोआप वर गेला. मी विश्वास ठेवला का? निम्मा ठेवला. बाकीचा निम्मा अजून शिल्लक आहे.

लेक रडली नाही. मला वाटलं होतं रडेल, ताट ढकलून उठेल. ती शांतपणे म्हणाली, "तुमची चूक असती ना पप्पा, तर मी दुसऱ्या दिवशी विसरले असते. मी रोज एवढंच म्हणत होते, देवा, चूकच असू दे."

यांनी ताटातच हात धुतला. जेवण तसंच राहिलं. तरी संध्याकाळी हे इस्त्रीचा शर्ट घालून सत्काराला निघाले, आणि आता मला दुसरीच शंका यायला लागली. कबूल केलं ते घरात, तिघांत. बाहेर शाल घेणारच का? मी म्हटलं, आम्हीही येतो. लेक यायला तयार नव्हती, तिला मी हाताला धरून नेलं. मला या माणसाचं तोंड बघायचं होतं, शाल अंगावर पडताना.

शाळेचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, स्टेजवर हार. त्या कोचनं भाषण केलं. नातं विसरून न्याय, वगैरे. यांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, टाळ्या झाल्या. मग माइक यांच्याकडं आला. यांना भाषण येत नाही, वाट्यांशिवाय काही समजावता येत नाही. हे म्हणाले, मला त्या दिवशी टॅग दिसला नव्हता. नियमानं सेफ द्यायला पाहिजे होतं. पोरगी माझी होती म्हणून मी आऊट दिलं. ही नजरचूक नाही, मी हे जाणूनबुजून केलं. हा सत्कार मला नको. एवढं बोलून यांनी शाल काढून टेबलावर ठेवली.

माझा ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू. आणि मग पहिल्या रांगेतून टाळ्या सुरू झाल्या. मग सगळ्या हॉलमधून. लोक उभे राहिले. माझ्या शेजारच्या बाई डोळे पुसत म्हणाल्या, बघा किती मोठं मन, अशी माणसं राहिली नाहीत हो. त्या कोचनं तीच शाल उचलून पुन्हा यांच्या खांद्यावर घातली आणि माइकवर सांगितलं की खरा पंच असा असतो. हे नको नको म्हणत होते, तर तेवढंच कौतुक वाढत होतं. यांनी लेकीकडं बघितलं. अख्ख्या हॉलमध्ये ती एकटीच खुर्चीत बसून होती.

परतताना घरी, जुळे सोलापूरला, जायला रिक्षा केली. लेक मध्ये, आम्ही दोघं दोन बाजूंना. यांच्या मांडीवर नारळ. हे हळूच म्हणाले की सांगितलं तरी कुणाला कळलं नाही. लेक म्हणाली, मला कळलं. मग रेल्वे पूल मागं पडेपर्यंत समोरच्या रस्त्याकडं बघत राहिली. मला वाटलं आता खेळ सोडते म्हणणार.

"कॉलेजात गेले की मी खेळणार आहे," ती म्हणाली. "पण तुम्ही पंच म्हणून यायचं नाही."

"न्हाय येनार."

"बघायला यायचं. आईजवळ बसायचं. आणि मी आऊट असले तरी सेफ आहे, सेफ आहे, म्हणून ओरडायचं. सगळ्यांचे पप्पा ओरडतात. तुम्ही एकदाही ओरडला नाहीत."

हे विचारात पडले. खरंच विचारात पडले, चेष्टा नाही. थोड्या वेळानं अगदी मनापासून म्हणाले, "आऊट असताना सेफ कसं म्हनायचं गं?"

"सेफ असताना आऊट म्हणालात ना," लेक म्हणाली, "तसंच."

यांनी मान खाली घातली आणि तिचा हात हातात घेतला. तिनं तो काढून घेतला नाही. मी आठवडाभर यांच्याशी भांडायला शब्द जमवून ठेवले होते, ते सोडून मी यांच्या मांडीवरचा नारळ माझ्याकडं घेतला.